काट्यावरचे वजन, मनावरचे वजन

शाळेत वर्षातून एक दिवस असा येतो, की त्या दिवशी परीक्षा नसते, निकालही नसतो, तरी काही मुलांच्या पोटात गोळा उठतो. त्या दिवशी वर्गात वजनकाटा मांडलेला असतो, भिंतीवर उंचीची पट्टी लावलेली असते आणि एकेकाचा आकडा मोठ्याने वाचला जातो. आकडा ऐकू आला की मागच्या बाकावरून कोणीतरी खुसखुसते आणि एखाद्याचे बारसे पुन्हा एकदा होते. कोणी ‘ढोल्या’ होतो, कोणी ‘काडीपैलवान’, कोणी ‘लंबूटांग’, तर कोणी ‘टिंगू’. ज्याचे बारसे झाले तोही बहुधा हसतो. पण ते हसणे ओठांपुरतेच असते.

पाहा, या एका घटनेत दोन वजने आहेत. एक काट्यावर दिसते. ते किलोग्रॅममध्ये मोजता येते. दुसरे मनावर पडते. त्याला एकक नाही, पण ते जाणवते मात्र खूप. पहिल्याचा विचार पदार्थविज्ञान करते, दुसऱ्याचा मानसशास्त्र. गंमत अशी, की दोन्ही वजने पेलण्याचे साधन एकच आहे, आणि ते म्हणजे मोजणाऱ्याची शांत नजर. ती कशी कमवावयाची ते आज पाहू.

खुर्चीत बसलेला वैद्य

इटलीतील पादुआ येथे सांतोरिओ सांतोरिओ (१५६१–१६३६) नावाचे एक वैद्यकाचे प्राध्यापक होऊन गेले. नाव आणि आडनाव एकच! त्यांनी एका मोठ्या तराजूला खुर्ची टांगली आणि त्या खुर्चीत बसून ते जेवू लागले. जेवणापूर्वीचे वजन, जेवणानंतरचे वजन, झोपेपूर्वीचे, झोपेनंतरचे, मलमूत्राचे, अशा सर्व नोंदी त्यांनी सुमारे तीस वर्षे केल्या आणि १६१४ मध्ये आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

त्यांना काय आढळले? दिवसाकाठी पोटात गेलेले अन्न व पाणी आठ पौंड असेल, तर त्यांपैकी सुमारे पाच पौंड कोणालाही न दिसता नाहीसे होते! आज आपल्याला त्याचे कारण ठाऊक आहे. त्वचेतून पाण्याची वाफ सतत निघून जात असते आणि उच्छ्‌वासातूनही पाण्याची वाफ व कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतात. रात्री झोपताना वजन करा आणि सकाळी उठल्याबरोबर, काही खाण्यापिण्यापूर्वी पुन्हा करा. काटा नाजूक असेल, तर काही न करताही वजन घटलेले दिसेल.

परंतु सांतोरिओंकडून घेण्याजोगी खरी गोष्ट निराळीच आहे. तीस वर्षांत काटा कितीदा वर गेला असेल, कितीदा खाली आला असेल! त्यांनी तो आकडा फुशारकीने मिरविला नाही की लाजेने लपविला नाही. नोंदवहीत लिहिला आणि ‘असे का?’ हा प्रश्न विचारला. मोजणाऱ्याची नजर ती हीच.

वजन घटविण्याचे तीन सोपे उपाय

व्यायाम नको, पथ्य नको, पण वजन तर घटले पाहिजे, अशा मंडळींसाठी पदार्थविज्ञानाकडे तीन उपाय आहेत.

उपाय पहिला : चंद्रावर जावे. तेथील गुरुत्वाकर्षण पृथ्वीवरील गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे एकषष्ठांश आहे. येथे ज्याचे वजन स्प्रिंगच्या काट्यावर ४८ किलो भरते, त्याचे तेथे त्याच काट्यावर केवळ ८ किलो भरेल.

उपाय दुसरा : चंद्र दूर वाटत असेल तर ध्रुवावरून विषुववृत्तावर यावे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि मध्यभागी थोडी फुगीर आहे. त्यामुळे विषुववृत्तावर वजन सुमारे अर्ध्या टक्क्याने कमी भरते. पन्नास किलोमागे पाव किलोची बचत!

उपाय तिसरा, आणि सर्वांत स्वस्त : उंच इमारतीच्या लिफ्टमध्ये काटा घेऊन उभे राहावे. लिफ्ट खाली निघते त्या क्षणी काटा कमी वजन दाखवितो. अर्थात तळमजल्याशी ती थांबू लागली की तेवढेच जास्त दाखवून तो हिशोब पुरा करतो.

तीनही उपायांत तुमच्या शरीरातील द्रव्य, म्हणजेच वस्तुमान, एका ग्रॅमनेही बदललेले नाही. बदलला तो फक्त आकडा. तेव्हा काट्यावरचा आकडा म्हणजे ‘मी’ नव्हे. काटा, जागा आणि वेळ यांवर अवलंबून असणारे ते एक वाचन आहे. प्रयोगशाळेत पहिल्याच दिवशी शिकवितात ती ही गोष्ट काट्यावर उभे राहताना मात्र आपण विसरतो.

कुंभकर्णाचे हाड

आता आकाराकडे वळू. गोष्टीतला कुंभकर्ण किंवा घटोत्कच हा साध्या माणसाच्या दसपट उंच आहे आणि बांधा मात्र माणसासारखाच आहे असे समजा. म्हणजे तो दसपट उंच, दसपट रुंद आणि दसपट जाड झाला. त्याचे घनफळ, आणि म्हणून वजन, १० × १० × १० म्हणजे हजारपट होईल. परंतु वजन पेलावयाचे ते पायाच्या हाडाने, आणि हाडाची ताकद त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. ते वाढले १० × १० म्हणजे केवळ शंभरपट. याचा अर्थ असा, की हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दसपट भार आला. बिचारा कुंभकर्ण झोपेतून उठून उभा राहिला की मांडीचे हाड मोडून पुन्हा आडवा होईल!

हा विचार गॅलिलिओने १६३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडला आहे. लहान प्राण्याचे हाड आणि तिप्पट लांबीच्या प्राण्याला लागणारे हाड यांचे चित्रही त्याने दिले आहे. दुसरे हाड नुसते लांब नाही, बेढब वाटावे इतके जाड आहे. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ मध्ये याच विषयावर एक गाजलेला निबंध लिहिला. हे हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारले.

लहानपणाचीही अडचण आहेच. आकार लहान झाला की घनफळाच्या मानाने पृष्ठभाग जास्त होतो आणि शरीरातील उष्णता भराभर निसटते. सुमारे दोन ग्रॅम वजनाची इट्रुस्कन चिचुंद्री दिवसाला स्वतःच्या वजनापेक्षाही जास्त अन्न खाते, तेव्हा कोठे जगते. हत्तीला मात्र आपल्या वजनाच्या काही टक्केच चारा पुरतो. ‘हत्तीसारखा खातो’ असे आपण चिडवितो खरे. पण किलोमागे हिशोब केला तर खादाड ठरते ती चिचुंद्री आणि मिताहारी ठरतो तो हत्ती!

१७२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गलिव्हरच्या प्रवासा’तील गंमतही येथे आठवते. लिलिपुटच्या लोकांपेक्षा गलिव्हर बारापट उंच. तेव्हा त्याचे जेवण १२ × १२ × १२ या हिशोबाने १,७२८ जणांचे ठरते. परंतु प्राण्यांना लागणारी ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढत नाही. ती त्याहून सावकाश वाढते, हे माक्स क्लायबर यांनी १९३२ मध्ये दाखविले. त्यांच्या नियमाने हिशोब केला तर गलिव्हरला सुमारे २७० जणांचेच जेवण पुरेल. १,७२८ ताटे रोज खाल्ली असती, तर त्याला घरी परत नेणारी बोट मिळणे कठीण झाले असते.

या सगळ्याचे तात्पर्य काय? निसर्गात ‘चांगला आकार’ असा एकच नाही. प्रत्येक आकाराचे काही फायदे आहेत, काही तोटे आहेत आणि त्या दोहोंमागे भूमितीचे नियम आहेत. त्यात गुणावगुणाचा प्रश्न कोठेच येत नाही.

दोन लेखक आणि एकच आकडा

‘पण सर, बॉडी मास इंडेक्सचे काय?’ असे तुम्ही विचाराल. वजनाला (किलोग्रॅम) उंचीच्या (मीटर) वर्गाने भागले की हा निर्देशांक मिळतो. त्याची मूळ कल्पना आदोल्फ केतले यांची. हे डॉक्टर नव्हते. बेल्जियममधील खगोलशास्त्रज्ञ व संख्याशास्त्रज्ञ होते. त्यांना ‘सरासरी माणूस’ कसा असतो हे शोधावयाचे होते. मोठ्या माणसांची वजने ढोबळमानाने उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असतात, असे त्यांना १८३० च्या सुमारास आढळले. एखादी व्यक्ती लठ्ठ आहे की नाही हे ठरविणे हा त्यांचा हेतूच नव्हता. ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव तर १९७२ मध्ये अ‍ॅन्सेल कीज व त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले.

आता आपली कुंभकर्णाची युक्ती येथे लावून पाहा. एका मुलाची उंची १५० सेंटिमीटर व वजन ४० किलो आहे. त्याचा निर्देशांक ४० ÷ २·२५ म्हणजे सुमारे १७·८ आला. त्याचा वर्गमित्र हुबेहूब त्याच बांध्याचा, पण उंचीने दहा टक्के जास्त, म्हणजे १६५ सेंटिमीटर आहे. सर्व बाजूंनी दहा टक्के मोठा झाल्यामुळे त्याचे वजन १·१ × १·१ × १·१, म्हणजे १·३३ पट, सुमारे ५३ किलो होईल. दोघांमध्ये तेरा किलोंचा फरक आणि बांधा मात्र एकच! दुसऱ्याचा निर्देशांक येईल सुमारे १९·५. भागाकार वर्गाने आणि वाढ घनाने, त्यामुळे हा फरक पडतो. तुमच्या वयात वर्षभरात उंची भराभर वाढते, आणि ती सर्वांची एकाच वेळी वाढत नाही. म्हणूनच मुलांच्या बाबतीत मोठ्यांचे आकडे चालत नाहीत. वय आणि मुलगा-मुलगी हा भेद लक्षात घेऊन केलेले वाढीचे तक्ते वापरावे लागतात. भारतीय मुलांसाठी असे सुधारित तक्ते बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये तयार केले आहेत.

मोठ्या माणसांच्या बाबतीतही हा आकडा किती फसवा ठरू शकतो, हे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मोठ्या मौजेने दाखविले. त्यांनी प्रयोगासाठी दुसरे कोणी शोधले नाही. स्वतःचीच छायाचित्रे शेजारी शेजारी छापली! दोघांचाही निर्देशांक २२·३ होता. परंतु क्ष-किरणांच्या खास तपासणीत युडकिन यांच्या शरीरात चरबी ९·१ टक्के निघाली, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१·२ टक्के. दोघांच्या आडनावांची इंग्रजी आद्याक्षरे एकच असल्यामुळे या कोड्याला ‘वाय-वाय विरोधाभास’ असे नाव पडले.

या विनोदामागे गंभीर संशोधन होते. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २·७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३·५ किलो भरले. तरीही आपल्या बालकांत स्नायू बरेच कमी, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून असल्याचे दिसले. बाहेरून किडकिडीत, आतून चरबीदार! बारीक दिसणाऱ्या भारतीयांनाही मधुमेह का होतो, याचा एक धागा येथे सापडतो. २००४ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी २५ ऐवजी २३ या आकड्यापासूनच सावध राहण्याची सूचना केली. पुढे २०२५ मध्ये लॅन्सेटच्या एका तज्ज्ञ आयोगाने, केवळ या निर्देशांकावरून लठ्ठपणाचे निदान करू नये, असे सांगितले.

तेव्हा वजनाचा प्रकृतीशी संबंध नाही असे मुळीच नाही. संबंध आहे, आणि तो समजून घेण्यासाठी डॉक्टर आहेत, तपासण्या आहेत. पण नुसते पाहून, मागच्या बाकावरून, टोपणनाव देऊन तो ठरविता येत नाही. ज्याला तुम्ही ‘पाप्याचे पितर’ म्हणता आणि ज्याला ‘अगडबंब’ म्हणता, त्या दोघांच्याही आत काय चालले आहे हे तुमच्या डोळ्यांना दिसत नाही.

मनावरचे वजन

आता दुसऱ्या वजनाकडे येऊ. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सातवी ते बारावीच्या ४,७४६ विद्यार्थ्यांची एक पाहणी करण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील सुमारे ३० टक्के मुलींना व २५ टक्के मुलांना वजनावरून बरोबरीची मुले चिडवीत होती. अशा चिडविण्याचा संबंध आत्मविश्वास कमी असणे, उदास वाटणे, एवढेच नव्हे तर जीव नकोसा वाटणे, यांच्याशी आढळला. आणि लक्षात घ्या, मूल प्रत्यक्षात जाड असो, बारीक असो वा मध्यम, हा संबंध तसाच दिसत होता. म्हणजे मनावर पडणारे वजन हे काट्यावरच्या वजनातून येत नाही. ते शब्दांतून येते.

कोणी चिडविले की शरीरात काय होते? छाती धडधडते, कान तापतात, मुठी वळतात. हार्वर्ड विद्यापीठातील वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये या बदलांचे वर्णन केले. संकट दिसले की मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतून अ‍ॅड्रेनॅलिन रक्तात मिसळते आणि शरीर ‘लढ किंवा पळ’ यासाठी सज्ज होते. वाघ समोर आला तर ही तयारी फार उपयोगाची. पण वर्गात वाघ नसतो; असतो तो एक शब्द. शरीराला हा फरक लगेच कळत नाही. तो त्याला समजावून सांगावा लागतो. त्यासाठी काही युक्त्या आहेत, आणि त्या प्रयोगांनी तपासलेल्या आहेत.

मनाच्या काही युक्त्या

प्रथम काय करू नये ते पाहू. ‘हे औषध घेताना माकड आठवू नका’ असे सांगणाऱ्या वैद्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. रोग्याला नेमके तेव्हाच माकड आठवे! डॅनिएल वेग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये हाच प्रयोग माकडाऐवजी पांढरे अस्वल घेऊन केला. ‘अस्वलाचा विचार करू नका, आला तर घंटा वाजवा’ असे सांगितलेल्या विद्यार्थ्यांनी घंटा वाजवीतच ठेवली. नंतर मोकळीक दिल्यावर तर त्यांना, पहिल्यापासून अस्वलाचाच विचार करणाऱ्यांपेक्षाही जास्त वेळा अस्वल आठवले. म्हणून ‘मी वाईट वाटूनच घेणार नाही’ असा हट्ट धरण्यात अर्थ नाही. भावना दाबली की ती स्प्रिंगसारखी उसळते.

मग काय करावे?

पहिली युक्ती : भावनेला नाव द्यावे. ‘मला कसेतरी होते आहे’ असे मोघम न म्हणता ‘मला अपमान वाटतो आहे’, ‘मला भीती वाटते आहे’ असे नेमके म्हणावे. मॅथ्यू लीबरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना रागावलेल्या, घाबरलेल्या चेहऱ्यांची चित्रे दाखविली. त्या भावनांना शब्द देताना मेंदूतील अमिग्डला या बदामाच्या आकाराच्या भागाची खळबळ कमी झालेली आढळली. वादळ थांबत नाही. पण नकाशावर त्याची जागा कळते.

दुसरी युक्ती : उच्छ्‌वास लांबवावा. हा प्रयोग आताच करून पाहा. मनगटावरची नाडी धरा. मनात चार अंक मोजत श्वास आत घ्या आणि सहा अंक मोजत सावकाश सोडा. श्वास घेताना नाडी किंचित जलद आणि सोडताना किंचित मंद होते असे दिसेल. उच्छ्‌वासाच्या वेळी मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूचा लगाम थोडा घट्ट होतो, म्हणून असे घडते. हृदयाला थेट आज्ञा देता येत नाही, पण श्वासाच्या मागच्या दाराने तेथे जाता येते. अशी पाच-सहा आवर्तने एका मिनिटापेक्षा जास्त वेळ घेत नाहीत.

तिसरी युक्ती : निरीक्षण आणि अनुमान वेगळे करावे. प्रयोगवहीत आपण दोहोंची सरमिसळ करीत नाही. मग मनात का करावी? ‘तिघेजण हसले’ हे निरीक्षण. ‘सारा वर्ग मला हसतो, मला कोणी मित्र नाही’ हे अनुमान, आणि तेही अपुऱ्या पुराव्यावरचे. घटनेचा अर्थ असा नव्याने लावण्याला पुनर्मूल्यांकन म्हणतात. जेम्स ग्रॉस यांनी १९९८ मध्ये काही लोकांना हात कापण्याच्या शस्त्रक्रियेचा चित्रपट दाखविला. ज्यांना चेहऱ्यावर काही दिसू न देण्यास सांगितले होते, त्यांचे चेहरे शांत राहिले, पण शरीरातील ताण उलट वाढला. ज्यांनी मात्र वैद्यकीय माहिती म्हणून त्या दृश्याकडे पाहिले, त्यांना किळस मुळातच कमी वाटली. चेहऱ्यावर पडदा ओढण्यापेक्षा खिडकी बदलणे बरे.

चौथी युक्ती : स्वतःशी नावाने बोलावे. ‘मी आता काय करू?’ असे म्हणण्याऐवजी ‘सुनंदा, आता काय करता येईल?’ असे स्वतःला विचारावे. एथन क्रॉस व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखविले, की भाषणासारख्या अवघड प्रसंगी असे बोलणाऱ्यांचा त्रास कमी झाला आणि भाषणही अधिक चांगले झाले. आपण मित्राला जितका शहाणा सल्ला देतो तितका स्वतःला देत नाही. या युक्तीने घटकाभर आपणच आपले मित्र होतो. सांतोरिओ खुर्चीत बसून स्वतःकडे पाहत, तसेच हे.

विनोद कोणता आणि टवाळी कोणती?

‘सर, म्हणजे थट्टा करूच नये का?’ करावी की! हसण्याइतके स्वस्त औषध नाही. पण औषधाप्रमाणे विनोदाचेही प्रकार असतात. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाच्या चार तऱ्हा सांगितल्या : सर्वांना जवळ आणणारा, संकटात स्वतःला सावरणारा, दुसऱ्याला टोचणारा आणि सतत स्वतःलाच कमी लेखणारा. पहिल्या दोन तऱ्हा मनाच्या स्वास्थ्याबरोबर आढळतात. शेवटची चिंता आणि उदासीनतेबरोबर.

याज्ञिक-युडकिन यांचा विनोद पहिल्या जातीचा. त्यांनी आपणहून स्वतःचे शरीर पुढे केले, आणि हसता हसता सर्वांना काही शिकता आले. एखादा जाड मुलगा खो-खोत ‘मला खुंट करा, मी हलणार नाही’ असे म्हणून सर्वांना हसवितो, तोही विनोदच. पण तोच मुलगा, दुसरा कोणी बोलण्यापूर्वी आपणच बोललेले बरे, म्हणून रोज स्वतःची टिंगल करीत असेल, तर ती चौथी जात. तेथे मित्रांनी हसण्याऐवजी जरा थांबावे. आणि ज्याच्या शरीराविषयी विनोद आहे तोच हसत नसेल, तर तो विनोद नव्हेच. ही कसोटी सोपी आहे. तिला काटाही लागत नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. वर सांगितलेल्या युक्त्या ज्याला चिडविले जाते त्याच्या हातात बळ देण्यासाठी आहेत. चिडविणाऱ्याची जबाबदारी त्यामुळे माफ होत नाही. सायकलस्वाराने शिरस्त्राण घातले म्हणून त्याला धडक देण्याची कोणाला मुभा मिळते का? चिडविणे थांबत नसेल, जेवण नकोसे वाटत असेल, मुद्दाम उपाशी राहावेसे वाटत असेल किंवा मन फार खचत असेल, तर युक्त्यांवर विसंबून राहू नका. आई-वडील, शिक्षक किंवा डॉक्टर यांच्याशी बोला. भारत सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावरही विनामूल्य बोलता येते.

शिक्षकबंधूंना व भगिनींना एक विनंती. वजन-उंची घेताना आकडा मोठ्याने वाचू नये. एकेकाला आत बोलावून तो वहीत टिपावा. त्याच आकड्यांतून, नावे वगळून, गणिताच्या तासाला सरासरी आणि आलेख काढता येतील; घन-वर्गाचा नियमही शिकविता येईल. त्यात विज्ञानाचे काहीच कमी होणार नाही, मुलांचे मात्र पुष्कळ वाचेल.

पदार्थविज्ञानात एक साधा नियम आहे. समीकरणाच्या दोन्ही बाजूंची परिमाणे जुळली पाहिजेत. डावीकडे किलोग्रॅम आणि उजवीकडे सेकंद असे लिहिले, तर पुढचे गणित न तपासताच आम्ही त्यावर फुली मारतो. ‘माझे वजन इतके किलोग्रॅम, म्हणून माझी किंमत इतकी’ हे समीकरणही त्याच जातीचे आहे. ते दुसऱ्याने मांडलेले असो वा आपणच आपल्या मनात मांडलेले असो, पुढे जाण्याचे कारण नाही. लाल शाईने फुली मारावी आणि पान उलटावे.